एनएमआर शिकवताना: स्ट्रक्चर ओळखण्याआधी स्ट्रक्चर खोडायला शिकवायचं का?

तेरावा कार्बन

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात एमएस्सीला स्पेक्ट्रोस्कोपी शिकवते. कॉलेजात एनएमआरचं (चुंबकीय क्षेत्रात रेणूतली अणुकेंद्रं कसा प्रतिसाद देतात ते पाहून रचना ओळखायची पद्धत) यंत्र नाही, म्हणजे मुलं जे शिकतात ते कागदावरच. इथे शिकवणारे, यंत्रावर बसणारे आणि कंपनीत काम करणारे असे सगळेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

मागच्या आठवड्यात एमएस्सी पार्ट टूला एक प्रश्न दिला. रेणुसूत्र सी९एच१०ओ२. प्रोटॉन एनएमआर, सीडीसीएल३ या सॉल्व्हंटमध्ये, आकडे पीपीएममध्ये: २.५५ ला सिंगलेट (एकच रेष), ३ प्रोटॉन. ३.८७ ला सिंगलेट, ३ प्रोटॉन. ६.९३ ला डब्लेट (दोन रेषा), २ प्रोटॉन. ७.९४ ला डब्लेट, २ प्रोटॉन. दोन्ही डब्लेटची जे व्हॅल्यू (दोन रेषांमधलं अंतर) ९ हर्ट्झच्या जवळ.

बहुतेकांनी पाच मिनिटांत उत्तर लिहिलं: मिथाइल ४-मिथाइलबेंझोएट. कारणंही दिली. ३.८७ म्हणजे एस्टरचा ओसीएच३, २.५५ म्हणजे रिंगवरचा मिथाइल, दोन डब्लेट म्हणजे पॅरा, रिंगवर समोरासमोर दोन गट. प्रत्येक पीकला नाव मिळालं, इंटिग्रेशन (पीकच्या क्षेत्रफळावरून प्रोटॉनची संख्या) जुळलं, सूत्र जुळलं. खाली दोन रेघा ओढून पेन बंद.

खरं उत्तर ४-मेथॉक्सीॲसिटोफिनोन. मिथाइल टोल्युएटचे (मुलांच्या त्याच उत्तराचं दुसरं नाव) आकडे साधारण २.४१, ३.९०, ७.२४ आणि ७.९३ असे येतात. म्हणजे चारपैकी तीन सिग्नल इतके जवळ आहेत की त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. सगळा निवाडा ६.९३ या एका आकड्यावर आहे, आणि नेमका तोच मुलांनी 'ॲरोमॅटिक आहे, ठीक आहे' म्हणून सोडून दिला.

मेथॉक्सीचा ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी रिंगमध्ये ढकलतो, त्यामुळे त्याच्या ऑर्थो (लगतच्या) जागेवरचे प्रोटॉन साध्या बेंझिनपेक्षा जवळजवळ अर्धा पीपीएम वर, म्हणजे कमी आकड्याकडे, सरकतात. मिथाइल गट तेच काम करतो, पण जेमतेम ०.२ पीपीएमचं. सातच्या खाली उतरलेला तो डब्लेट सांगत असतो की रिंगला ऑक्सिजन थेट जोडलेला आहे. एस्टरच्या रचनेत रिंगला ऑक्सिजन थेट जोडलेलाच नाही. तिथेच ती रचना बाद होते.

या मुलांना तक्ता पाठ आहे, एन अधिक एक नियम (शेजारी एन प्रोटॉन असले तर एन अधिक एक रेषा) पाठ आहे. अडचण अशी की पहिलं जे स्ट्रक्चर सुचतं त्यात ती पीक बसवत जातात, आणि सगळे बसले की थांबतात. सगळे पीक बसणारं दुसरं एखादं स्ट्रक्चर असेल का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात येतच नाही, कारण आपण तो कधी विचारतच नाही.

म्हणून या वर्षापासून तास उलटा घेतेय. स्पेक्ट्रम दाखवायच्या आधी फक्त सूत्र द्यायचं. आधी डबल बाँड इक्विव्हॅलंट (रेणूतल्या रिंग आणि दुहेरी बंध यांची बेरीज) काढायचा. इथे तो ५ येतो, म्हणजे बहुधा बेंझिन रिंगचे ४ आणि एक कार्बोनिल. मग फळ्यावर येऊन प्रत्येकाने एक आयसोमर काढायचा. इथाइल बेंझोएट, बेंझाइल ॲसिटेट, मिथाइल फिनाइलॲसिटेट, फिनाइल प्रोपियोनेट, पॅरा-टोलिल ॲसिटेट, ४-इथाइलबेंझोइक ॲसिड, पॅरा-टोलिलॲसिटिक ॲसिड, शिवाय वरचे दोन. फळा भरतो. त्यानंतर स्पेक्ट्रम, आणि एकच अट: 'हे अमुक आहे' असं कुणी म्हणायचं नाही. 'हे अमुक असू शकत नाही, कारण…' असंच म्हणायचं.

मग वर्गाचं रूपच बदलतं. ट्रिप्लेट-क्वार्टेट नाही म्हणून इथाइलवाले सगळे एका फटक्यात जातात. दोन प्रोटॉनचा सिंगलेट नाही म्हणून बेंझाइल जातो. पॅरा-टोलिल ॲसिटेटचे दोन्ही मिथाइल २.३ च्या आसपास यायला हवेत, ३.८७ ला त्याच्याकडे काहीच नाही, म्हणून तो जातो. शेवटी ते दोनच उरतात आणि तिथे शांतता पसरते. ती शांतता मला फार मोलाची वाटते. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, तिनेच परवा विचारलं, "मॅडम, दोघांचे रिंगवरचे प्रोटॉन सारखेच कसे येतील?"

तुम्ही कसं शिकवता? तुम्हाला कुणी कसं शिकवलं? आणि हे सगळं अभ्यासक्रमाच्या तासिकांत कसं बसवायचं?

शिमिंगवाला

ताई, धागा फार चांगला काढलात. मी एका विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात यंत्रावर बसतो. बाहेरच्या कॉलेजांचे नमुने माझ्या हातातून जातात, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून सांगतो.

तुमच्या प्रश्नात चार सिग्नल होते आणि चारही रेणूचे होते. खऱ्या स्पेक्ट्रममध्ये असं होत नाही. पुस्तकी आकड्यांवर वाढलेल्या मुलाला पहिला खरा प्रिंटआउट दिला की तो गांगरतो, कारण त्यात पाहुणे बरेच असतात. ७.२६ ला उरलासुरला सीएचसीएल३. १.५६ च्या आसपास पाणी. २.१७ ला ॲसिटोन, कारण ट्यूब ॲसिटोनने धुतली आणि नीट वाळवली नाही. १.२६, २.०५ आणि ४.१२ असे तिघे एकत्र दिसले तर कॉलममधला इथाइल ॲसिटेट. ०.८ ते १.३ मध्ये पसरट काहीतरी असेल तर ग्रीस.

एका मुलाने २.१७ चा सिंगलेट आपल्या रेणूचा ॲसिटाइल गट म्हणून लावला होता आणि त्यावर पुढचं स्ट्रक्चर बांधत नेलं होतं. इंटिग्रेशन १.८ येत होतं, ते त्याने ३ धरलं. मी त्याला ट्यूब परत धुवून, व्हॅक्यूममध्ये वाळवून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो पीक नव्हता. त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो. दोन आठवडे तो नसलेल्या कार्बोनिलच्या मागे होता.

म्हणून माझी विनंती: मुलांना टाइप केलेली यादी देऊ नका, खरा स्पेक्ट्रम द्या, पाहुण्यांसकट. शक्य असेल तर कच्चा डेटा, म्हणजे एफआयडी द्या. फूरिए ट्रान्सफॉर्म, फेजिंग, बेसलाइन आणि इंटिग्रेशन त्यांनी स्वतः करावं. शैक्षणिक वापरासाठी टॉपस्पिन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इंटिग्रेशनची रेघ स्वतः ओढली की कळतं की २.९ आणि ३.१ दोन्ही म्हणजे ३, पण १.८ म्हणजे ३ नव्हे.

नमुन्याबद्दलही दोन शब्द, कारण ते कुणी शिकवत नाही. प्रोटॉनसाठी ५ ते १० मिलिग्रॅम पुरे, सुमारे ०.६ मिली सॉल्व्हंट, आणि न विरघळलेला कण दिसला तर कापसाच्या बोळ्यातून गाळायचं. ट्यूबमध्ये कचरा असला की चुंबकीय क्षेत्र एकसारखं करता येत नाही, रेषा रुंदावतात, आणि मग २ हर्ट्झचं मेटा कपलिंग (रिंगवर एक जागा सोडून असलेल्या प्रोटॉनमुळे रेष दुभंगणं) कुठे गेलं म्हणून लोक मला विचारतात.

सेट-नेट मित्र

तेरावा कार्बन, पद्धत सुंदर आहे, पण एक अडचण मांडतो. मी सेट-नेटचे वर्ग घेतो. परीक्षेत मुलाच्या हातात एका प्रश्नाला दोन-तीन मिनिटं असतात आणि समोर चार पर्याय असतात. तिथे फळाभर आयसोमर काढायला वेळ नाही. त्याला तक्ता तोंडपाठ हवा आणि पॅटर्न डोळ्यात बसलेला हवा. आयसोप्रोपिल म्हणजे सहा प्रोटॉनचा डब्लेट आणि एकाचा सेप्टेट, हे त्याला विचार न करता दिसलं पाहिजे.

मी ताईंना विरोध करत नाहीये. पण खेड्यातून आलेल्या मुलासाठी ती परीक्षा म्हणजे नोकरी आहे, आणि त्याला वेग लागतो.

तेरावा कार्बन

मित्रा, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. माझीही मुलं त्याच परीक्षेला बसतात. तक्ता पाठ करू नका असं मी कधीच म्हणत नाही. पंधरा-वीस आकडे रक्तात असलेच पाहिजेत.

पण चार पर्यायांचा प्रश्न म्हणजे दुसरं काय असतं? आयसोमर फळ्यावर काढायचं काम परीक्षकाने आधीच करून दिलेलं असतं. उरलेलं काम खोडायचंच. सवय झालेला मुलगा पर्याय बघून आधी विचारतो, 'हे चार नेमके कुठे वेगळे पडतात?' आणि सरळ त्या एका सिग्नलकडे जातो. बाकीचे आकडे तो वाचतही नाही. माझ्या अनुभवात तो पाठांतरवाल्यापेक्षा लवकर मोकळा होतो. पहिले दोन महिने मात्र हळू जातात, हे कबूल.

सेट-नेट मित्र

'चार कुठे वेगळे पडतात' हा प्रश्न माझ्या बॅचला आजच देतो. याच महिन्यात वापरून पाहतो आणि इथे कळवतो.

साठ मेगाहर्ट्झ

मी निवृत्त आहे. ज्या यंत्रावर शिकलो तेच नाव इथे घेतलंय. कागदाच्या गुंडाळीवर पेन सरकायचं आणि एक स्पेक्ट्रम निघेपर्यंत आम्ही श्वास रोखून उभे असायचो. आता पुन्हा टेबलावर मावणारी, कायम चुंबकाची ६० ते १०० मेगाहर्ट्झची यंत्रं आली आहेत. त्यांना द्रव हीलियम लागत नाही. अशा जुन्या-नव्या छोट्या यंत्रांचे स्पेक्ट्रम शिकवण्यात जरूर वापरावेत असं मला वाटतं, कारण त्यांच्यावर एक गोष्ट दिसते जी ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर झाकली जाते.

पॅरा-टोलिल ॲसिटेटचंच घ्या. त्याचे दोन डब्लेट साधारण ६.९६ आणि ७.१७ ला, म्हणजे अंतर ०.२१ पीपीएम. ४०० मेगाहर्ट्झवर हे ८४ हर्ट्झ होतात. जे व्हॅल्यू साडेआठ. दोन स्वच्छ डब्लेट दिसतात. ६० वर तेच अंतर जेमतेम साडेबारा हर्ट्झ उरतं, आणि साडेआठच्या कपलिंगपुढे ते पुरेसं नसतं. मग आतल्या दोन रेषा उंच होतात आणि बाहेरच्या खुज्या, आतल्यांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. दोन्ही बाजू एकमेकींकडे कलतात, घराच्या छपरासारख्या. मुलं त्याला 'क्वार्टेट' म्हणतात, आणि क्वार्टेट म्हटलं की शेजारी मिथाइल शोधायला निघतात.

हे दोन स्पेक्ट्रम शेजारी ठेवले की तीन गोष्टी एकदम समजतात. पीपीएम यंत्रावर अवलंबून नाही. हर्ट्झमधलं कपलिंगही यंत्रावर अवलंबून नाही. पण दोन सिग्नलमधलं हर्ट्झमधलं अंतर मात्र यंत्राबरोबर वाढतं. मी कित्येक वर्षं ही तीन वाक्यं फळ्यावर लिहून समजावत होतो आणि ती कुणाला लागत नव्हती. दोन कागद शेजारी ठेवल्यावर लागली.

कललेलं छप्पर खऱ्या ४०० च्या स्पेक्ट्रममध्येही उपयोगी पडतं. डब्लेट ज्या बाजूला चढता असतो, त्या बाजूला त्याचा जोडीदार असतो. गर्दीच्या ॲरोमॅटिक भागात कोण कुणाशी जोडलेलं आहे ते यावरून पटकन हेरता येतं.

आणखी एक आठवण करून देतो, कारण आपल्या मुलांना ती माहीत नसते. १९४६ मध्ये ब्लॉख आणि पर्सेल यांनी एनएमआर दाखवलं, १९५२ चं नोबेल त्यांना मिळालं. पण रसायनशास्त्रज्ञांचे डोळे उघडले ते १९५१ मध्ये, जेव्हा इथेनॉलच्या एकाच रेणूतले तीन प्रकारचे प्रोटॉन तीन वेगवेगळ्या ठिकाणी दिसले, आणि त्यांची क्षेत्रफळं १:२:३ अशी होती. ते काम स्टॅनफर्डमधल्या आर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांचं. यातले धर्मट्टी पुढे भारतात परतले आणि मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) त्यांनी एनएमआरचं काम उभं केलं. मी इथेनॉलचा स्पेक्ट्रम फळ्यावर काढला की हे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नसे. मुलं ताठ बसायची.

ऱ्हाईनकाठी

सर, हे नाव मला माहीत नव्हतं, आणि मी एनएमआरवरच पीएचडी करतोय. आभार.

इथेनॉलवरून एक पुरवणी. सीडीसीएल३ मध्ये त्याचा ओएच एक साधा, बहुधा रुंदट सिग्नल देतो, शेजारच्या सीएच२ शी त्याचं स्प्लिटिंग दिसत नाही, कारण तो प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर भराभर उड्या मारत असतो. तोच नमुना कोरड्या डीएमएसओ-डी६ या सॉल्व्हंटमध्ये घेतला तर ४.३ च्या आसपास ओएचचा ट्रिप्लेट दिसतो, कारण डीएमएसओ त्याला हायड्रोजन बंधाने धरून ठेवतो. 'ओएचमुळे स्प्लिटिंग होत नाही' असं आपल्याकडे नियम म्हणून लिहून देतात. तो नियम नव्हेच, ती परिस्थिती आहे.

ताईंच्या मूळ मुद्द्याला माझ्याकडून जोर. हे फक्त विद्यार्थ्यांचं होतं असं समजू नका. हेक्सासायक्लिनॉल नावाचा बुरशीपासून मिळालेला पदार्थ आहे. २००२ मध्ये त्याची एक रचना प्रसिद्ध झाली. २००६ मध्ये रिक्नोव्स्की यांनी त्या रचनेचे कार्बन-१३ चे आकडे संगणकावर काढले, ते मोजलेल्या आकड्यांशी जुळेनात. मग त्यांनी वेगळी रचना सुचवली, आणि त्याच वर्षी पोर्को यांच्या गटाने ती प्रयोगशाळेत बनवून खरी ठरवली. अनुभवी लोकांच्याही हातून पहिल्या सुचलेल्या रचनेत पीक बसवले जातात.

वेर्ण्याहून

गोव्यातून लिहितेय, औषध कंपनीत ॲनालिटिकलला आहे. नव्या मुलांच्या मुलाखती घेते तेव्हा माझा ठरलेला प्रश्न असतो. स्पेक्ट्रम देते, ते स्ट्रक्चर सांगतात, बहुतेकदा बरोबर सांगतात. मग विचारते, "मिथाइल नायट्रोजनवर आहे की ऑक्सिजनवर, आणि कशावरून?" तिथे पुष्कळ जण थांबतात.

आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. पायरिडोनसारख्या रेणूवर मिथाइल चढवताना ते एन वर बसेल की ओ वर, हे अभिक्रियेच्या परिस्थितीवर ठरतं. दोन्हींचं वस्तुमान एकच, मास स्पेक्ट्रम सांगणार नाही. प्रोटॉनमध्ये दोन्ही तीन-साडेतीनच्या पुढचे सिंगलेट. कार्बन-१३ मध्ये मात्र एन-मिथाइल साधारण ३० ते ४० मध्ये आणि ओ-मिथाइल ५०-५५ च्या पुढे. एचएमबीसी (दोन-तीन बंधांपलीकडची प्रोटॉन-कार्बन जोडी दाखवणारा प्रयोग) घेतलं तर मिथाइलचे प्रोटॉन तीन बंधांवरच्या कुठल्या कार्बनशी बोलतात ते दिसतं आणि वाद मिटतो. यात चूक झाली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकीच्या रेणूवर होतात.

ताईंच्या दोन रचनांतही कार्बन-१३ एका नजरेत निकाल देईल. कीटोनचा कार्बोनिल १९६-१९७ ला, एस्टरचा १६७ ला. म्हणजे मुलांना हेही विचारा: 'आता उरलेल्या दोघांत निवड करायला तुम्ही कुठला एक प्रयोग मागाल?' माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे, कारण नोकरीत आकडे कुणी आयते देत नाही, ते मागावे लागतात.

तेरावा कार्बन

हा प्रश्न उद्यापासून माझ्या वर्गात. मी फक्त दिलेल्या आकड्यांतून खोडायला शिकवत होते. कुठला आकडा मागायचा हे शिकवत नव्हते. मनापासून आभार.

लवंगतेल

नमस्कार, मी एमएस्सी पार्ट टूचा विद्यार्थी आहे. इथे सगळे मोठे लोक आहेत म्हणून आठवडाभर नुसतं वाचत होतो, पण आता अडलोय म्हणून विचारतो.

प्रॅक्टिकलला आम्ही लवंगेचं स्टीम डिस्टिलेशन केलं, पाण्यातून डायक्लोरोमिथेनने काढलं, बाष्पन केलं. सरांनी नमुना बाहेर पाठवून ४०० मेगाहर्ट्झवर प्रोटॉन काढून आणला. आमच्या वर्गाला मिळालेला हा पहिला खरा स्पेक्ट्रम. युजेनॉल (लवंगेच्या तेलातला मुख्य घटक) अपेक्षित आहे. मला असं दिसतंय: ३.३२ डब्लेट, २ प्रोटॉन. ३.८७ सिंगलेट, ३. ५.०७ च्या आसपास गुंतागुंतीचं, २. ५.३० ला एक धारदार सिंगलेट, इंटिग्रेशन विचित्र. ५.५५ ला रुंदट, १. ५.९६ ला फार रेषांचा गुच्छ, १. ६.६९ ला २ प्रोटॉन. ६.८५ ला डब्लेट, जे ८, १ प्रोटॉन. शिवाय २.३१ ला छोटा सिंगलेट, ०.३ च्या आसपास.

५.९६ च्या गुच्छाला एन अधिक एक लावला, शेजारी चार आहेत म्हणून पाच रेषा यायला हव्यात. पाचपेक्षा खूप जास्त आहेत. माझं कुठे चुकतंय? आणि ५.३० कुणाचं?

शिमिंगवाला

५.३० डायक्लोरोमिथेनचं. तुम्हीच आणलेला पाहुणा आहे. बाष्पन अजून थोडं करायला हवं होतं. त्याला खोडून टाका. ५.५५ साठी ट्यूबमध्ये जड पाण्याचा एक थेंब टाकून हलवा आणि पुन्हा स्पेक्ट्रम घ्या. गेला तर ओएच.

तेरावा कार्बन

बाळा, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी विचारलास, आणि आकडे नीट लिहिलेस म्हणून उत्तर देणं सोपं झालं.

एन अधिक एक कधी चालतो? सगळे शेजारी सारख्याच जे व्हॅल्यूने जोडलेले असतील तेव्हाच. ५.९६ चा प्रोटॉन दुहेरी बंधावरचा, आतल्या बाजूचा. त्याचे शेजारी चार खरे, पण तीन जातींचे. टोकाच्या सीएच२ मधला एक त्याच्या ट्रान्स बाजूला, जे साधारण १७. दुसरा सिस बाजूला, जे साधारण १०. आणि रिंगला लागून असलेल्या सीएच२ चे दोन, जे साडेसहा-सात. कागदावर झाड काढ. एक रेघ १७ ने दुभंग. त्या दोन्ही १० ने दुभंग, चार झाल्या. त्या प्रत्येकीला ६.७ चा ट्रिप्लेट कर. बारा रेषा झाल्या, काही एकमेकींवर चढतील. आता तुझ्या गुच्छातल्या बाहेरच्या दोन रेषांमधलं अंतर मोज. १७ अधिक १० अधिक दोनदा ६.७, म्हणजे ४० हर्ट्झच्या जवळ यायला हवं. पीपीएममध्ये मोजून ४०० ने गुण.

हे झाड हाताने काढ. सॉफ्टवेअर काढून देतं, पण पहिली पाच झाडं हाताने काढलेलीच बरी.

आता खोडाखोड. आयसोयुजेनॉल का नाही? दुहेरी बंध रिंगला लागून असता तर १.९ च्या जवळ मिथाइलचा डब्लेट असता आणि ६.३ च्या आसपास १६ हर्ट्झचा डब्लेट. तुझ्याकडे दोन्ही नाहीत. उलट ३.३२ चा डब्लेट आहे. गेला.

२.३१ मला युजेनाइल ॲसिटेट वाटतो. लवंगेच्या तेलात तो असतोच. ०.३ तीन प्रोटॉनचे, म्हणजे दहातला एक रेणू त्याचा, असा अंदाज. अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइड) टाकून युजेनॉल सोडियमचं मीठ म्हणून पाण्यात ओढलं असतं तर तो मागे राहिला असता.

पण एक रचना अजून उभी आहे. ओएच आणि ओसीएच३ यांची जागा उलट केली तर? त्या रेणूला चाविबेटॉल म्हणतात. तुझ्या प्रोटॉनच्या आकड्यांवरून तू तो खोडू शकतोस का?

लवंगतेल

मॅडम, बाहेरच्या रेषांमधलं अंतर मोजलं. ४०.३ हर्ट्झ आलं! आम्ही चौघे मित्र लायब्ररीत बसून हे केलं आणि आकडा आल्यावर सगळे उभे राहिलो.

चाविबेटॉल खोडता येत नाहीये. दोन्हींत रिंगवर तीन प्रोटॉन, दोन्हींत एक ऑर्थो डब्लेट, दोन्हींत ओसीएच३ ३.८७ च्या जवळपासच येईल असं वाटतं. एसडीबीएस या स्पेक्ट्रमच्या ऑनलाइन संग्रहावर युजेनॉलचा स्पेक्ट्रम पाहिला, तो जुळतो. पण तुम्ही म्हणालात तसं, जुळणं पुरेसं नाही.

साठ मेगाहर्ट्झ

शाब्बास. 'जुळणं पुरेसं नाही' हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

वेर्ण्याहून

मग आता मागा! कुठला एक प्रयोग मागशील? सूचना एवढीच: बंधांमधून न जाता अवकाशातून, जवळ असलेल्या प्रोटॉनची ओळख सांगणारा प्रयोग कोणता? आणि दोन्ही रचनांत मेथॉक्सीच्या मिथाइलच्या शेजारी कोण बसलंय ते आधी कागदावर लिही. प्रयोग झाल्यावर लिहायचं नाही, आधी.

लवंगतेल

नोझी मागेन. आधी लिहितो.

युजेनॉलमध्ये मेथॉक्सीच्या ऑर्थो जागेवर जो प्रोटॉन आहे तो मेथॉक्सी आणि ॲलिल यांच्या मध्ये आहे. त्याला ऑर्थो शेजारी प्रोटॉन नाही, म्हणजे तो ६.६९ मधला. तर ३.८७ चा क्रॉस पीक (दोन प्रोटॉन जवळ असल्याची खूण) ६.६९ शी यावा. चाविबेटॉलमध्ये मेथॉक्सीच्या शेजारचा प्रोटॉन ८ हर्ट्झचा डब्लेट असलेला आहे, तर क्रॉस पीक ६.८५ शी यावा.

बरोबर आहे का?

तेरावा कार्बन

बरोबर आहे. तुझ्या सरांना हा परिच्छेद जसाच्या तसा दाखव आणि नमुना परत पाठवायची विनंती कर. पाठवताना डायक्लोरोमिथेन पूर्ण घालव.

शिमिंगवाला

आणि सोबतच्या चिठ्ठीवर फक्त 'एनएमआर' लिहू नका. 'नोझी हवं, ३.८७ चा शेजारी ६.६९ की ६.८५ हे ठरवायचं आहे' असं लिहा. यंत्रावरच्या माणसाला प्रश्न कळला की तो तुमच्यासाठी जास्त जीव लावून काम करतो. मी तरी करतो.

सेट-नेट मित्र

कबूल केल्याप्रमाणे कळवतो. बॅचला वीस प्रश्न दिले, उत्तराआधी 'चार पर्याय कुठे वेगळे पडतात' ते एका ओळीत लिहायला लावलं. पहिल्या पाच-सहा प्रश्नांत सगळे रखडले. नंतर मात्र बरीच मुलं त्या एकाच सिग्नलवर बोट ठेवून पुढे गेली. आता हे चालू ठेवणार आहे.

लवंगतेल

सोळा दिवसांनी लिहितोय, नमुना परत यायला वेळ लागला.

५.३० चा पीक गेला. जड पाण्याचा थेंब टाकल्यावर ५.५५ गेला. नोझीमध्ये ३.८७ समोर एकच ॲरोमॅटिक क्रॉस पीक आहे, ६.६९ ला. ६.८५ समोर काही नाही. ३.३२ चा पण ६.६९ शी आहे.

चाविबेटॉलवर आज वर्गात फळ्यावर काट मारली. सरांनी खडू माझ्या हातात दिला होता.